नानांच्या गाडीचा ब्रेक

अनुराधा खांबेटेंच्या मोरीत कधी काय भिजत पडलेलं असेल याचा नेम नसे. एकदा त्यांनी रात्रभर राजमा भिजत घातलेलं पातेलं समजून झाकण काढलं, तर आत रॉकेलमध्ये कार्ब्युरेटर. जुनी कुकरची भांडी, पोळ्यांचा डबा, पावसाळ्यात कपडे वाळत घालायची आतली खोली, सगळं एकेक करून गाडीनं खाल्लं. बंगल्यात खरं तर माणसं दोनच उरली होती. मुलगी मानसी लग्न होऊन पुण्याला गेली होती आणि माधवराव धाग्याच्या कारखान्यात प्लँट हेड होते, म्हणजे बारा तास घराबाहेरच. तरीही अनुराधाबाईंना हातपाय पसरायला जागा मिळत नव्हती.

गाडी फियाट होती. साधी नव्हे, माधवरावांच्या भाषेत 'कंपनी कंडिशन'. सिल्वासात आल्यापासून कारखाना आणि घर यापलीकडे काही न बघितलेल्या या माणसाला पन्नाशी उलटल्यावर जुन्या गाड्यांचं वेड लागलं, आणि वेड लागल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे एक क्लब काढून त्याचं अध्यक्षपद घेतलं. दमणगंगा जुनी गाडी क्लब. दर जानेवारीत नदीकाठच्या मैदानावर शो. वापीपासून नाशिकपर्यंतची माणसं गाड्या घेऊन यायची, फोटो निघायचे, पेपरात चौकट यायची. चौकटीत माधवराव असायचे आणि त्यांचा हात फियाटच्या बॉनेटवर असायचा.

गाडी माधवरावांची नव्हती. ती अनुराधाबाईंच्या वडिलांची, नानांची. नाना गर्गे नाशिकला शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवायचे. काचेच्या नळ्या, स्पिरिटचे दिवे, बेडूक ठेवायच्या बरण्या. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, जिथं रस्ता संपायचा तिथल्या शाळेपर्यंत नाना स्वतः गाडी घेऊन जायचे, आणि सुट्टी असली की शेजारच्या सीटवर परीक्षानळ्यांचं खोकं मांडीवर धरून अनू बसलेली असायची. नानांचा उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेला होता. भद्रकालीतल्या एका फिटरला धरून त्यांनी ब्रेकच्या पॅडलला जोडून एक लोखंडी दांडा करून घेतला होता. तो स्टिअरिंगच्या खालून वर उजव्या हाताशी यायचा. वर ओढला की त्याला बांधलेल्या तारेनं गाडी वेग घ्यायची, खाली दाबला की थांबायची. हाताला लोखंड बोचतं म्हणून दांड्याच्या टोकाला शिसवी लाकडाची मूठ बसवली होती. ती मूठ म्हणजे आईच्या लाटण्याचं अर्धं अंग. लाटणं एकदा शेगडीला टेकून राहिलं आणि एका टोकाला अर्धचंद्रासारखं जळलं. आई म्हणाली, आता हे टाकायचं. नाना म्हणाले, टाकायचं कशाला? आईनं पुढं जन्मभर ऐकवलं की माझं लाटणं गावोगाव हिंडतं आणि मी मात्र घरात.

नाना गेले तेव्हा गाडी अंगणात गंजत होती. अनुराधाबाईंचा भाऊ म्हणाला, कुणी नेत असेल तर न्या. अनुराधाबाईंनी रीतसर आपल्या नावावर करून घेतली आणि टेम्पोवर घालून सिल्वासाला आणली. तेव्हा माधवरावांनी आठ दिवस तोंड वाकडं केलं होतं. "हे लोढणं ठेवणार कुठं?" असं ते कॉलनीतल्या वॉचमनसमोर म्हणाले होते. पुढं कारखान्यातल्या मंगेश नावाच्या इंजिनिअरनं त्यांना सांगितलं की सर, असं मॉडेल आता बघायला मिळत नाही. त्या दिवसापासून लोढण्याची 'ती' झाली. तिला पाऊस लागू नये, तिला धूळ नको, तिच्यासमोर तिखट फोडणी नको.

मानसीच्या बाळंतपणाला अनुराधाबाई तीन महिने पुण्यात होत्या. परत आल्या तर गाडी दुधासारखी पांढरी होऊन उभी. त्यांनी दार उघडलं, आत वाकून बघितलं आणि विचारलं,

"दांडा कुठंय?"

"कुठला दांडा?"

"नानांचा."

"अगं, ते काय कंपनीचं होतं का? मध्येच कुणीतरी ठोकून दिलेलं. भोकं बुजवून घेतली. बघ, खाली नवीन रेक्झिन टाकलंय, कळतसुद्धा नाही."

"दांडा कुठंय?"

"भंगारात गेला असेल. आता त्याच्यावरून सुरू करू नकोस."

त्यांनी सुरू केलं. चांगलं चार दिवस केलं. चौथ्या दिवशी माधवराव म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या गाडीवर मी इतका जीव टाकतोय, त्याचं काही नाही. एका लोखंडाच्या तुकड्यासाठी रडतेस." जो माणूस लोखंडाच्या तुकड्यांसाठीच चोर बाजारात फिरायचा आणि एक ॲशट्रे सापडल्यावर पेढे वाटायचा, त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर अनुराधाबाईंनी भांडणं सोडून दिलं. भांडण संपलं असं मात्र माधवरावांनाच वाटलं.

*

शोच्या आधी क्लबची बैठक खांबेट्यांच्या हॉलमध्ये व्हायची. यंदा ती रविवारी दुपारी होती आणि चहा टाकायच्या आधीच वाजलं.

वाद असा होता: शोमध्ये कुठल्या गाड्या घ्यायच्या? आजवर घ्यायच्या त्या जुन्या, जशाच्या तशा जपलेल्या. पण गेल्या दोन-तीन वर्षांत सिल्वासात दुसरी जमात उगवली होती. तिचा म्होरक्या कल्पेश. मूळचा नंदुरबारकडचा. बाप इथं प्लॅस्टिकच्या कारखान्यात मशीनवर होता, पोरानं सामरवरणीला स्वतःचं गॅरेज काढलं. हा आणि याचे दोस्त जुन्या गाडीचं छप्पर कापायचे, बॉनेट काढून इंजिन उघडं करायचे, मागं ट्रकएवढी चाकं लावायचे आणि त्याला हॉट रॉड म्हणायचे. गाडी सुरू केली की पार वासोणा गावापर्यंत ऐकू जावी अशी त्यांची इच्छा असायची. गेल्या शोला ते न बोलावता आले होते आणि माणसं अर्ध्याहून जास्त त्यांच्याभोवतीच जमली होती. माधवरावांना ते फार लागलं होतं.

"नियम स्पष्ट हवा," माधवराव सोफ्यावरून म्हणाले. "कंपनीतून बाहेर पडताना गाडी जशी होती तशी असेल तरच प्रवेश. बाकीच्यांनी आपला तमाशा कुठंतरी दुसरीकडे करावा."

"तमाशा?" कल्पेश दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होता. सोफ्यावर जागा होती, पण त्याला कुणी म्हटलं नव्हतं. "साहेब, गेल्या वर्षी तमाशालाच पब्लिक होतं ना. तुमच्याकडं तर दोन आजोबा आणि एक फोटोवाला."

"अरे, तुझ्या गाडीला छप्पर नाही, बॉनेट नाही," मंगेश हसला. "ती गाडी आहे की कढई?"

"कढई तर कढई. पण चालते ना भो. तुमच्यावाल्या तर टेम्पोत बसून येतात, नवरीसारख्या. उतरताना पण चार जण धरतात."

कुणीतरी फसकन हसलं. माधवरावांनी त्या दिशेला बघितल्यावर ते हसू थांबलं.

"हे बघ कल्पेश," माधवराव आवाज खाली आणून म्हणाले. कारखान्यात कुणाला काढायचं असलं की त्यांचा आवाज असाच खाली यायचा. "जुन्या गाडीवर करवत चालवणं म्हणजे खून आहे. तुम्हाला त्यातलं कळत नाही, हा तुमचा दोष नाही. ज्या घरातून माणूस येतो..."

"घर काढू नका साहेब."

"मी सहज म्हणतोय."

"सहज पण काढू नका."

आत ओट्याजवळ उभ्या असलेल्या अनुराधाबाईंनी गॅस बारीक केला.

मंगेशला वाटलं, विषय बदलावा. तो म्हणाला, "आपण उदाहरणच घेऊ ना. सरांची फियाट. ओरिजिनल कशाला म्हणतात? तर तिच्या ब्रेक पॅडलचं रबर बघा. इतक्या वर्षांचं, कंपनीचं रबर, आणि त्यावरची एक रेघ झिजलेली नाही! मी मुंबईच्या शोमध्येसुद्धा असं रबर पाहिलं नाही."

माधवरावांचा चेहरा उजळला. हे रबर त्यांचं खास होतं. येणाऱ्या प्रत्येकाला ते दार उघडून, विजेरी मारून ते दाखवायचे. त्यावर पाय पडू नये म्हणून एरवी ते फडक्यात गुंडाळलेलं असायचं. "आमचे सासरे गाडी फार जपून चालवायचे," ते म्हणाले. "ब्रेकला जवळजवळ पायच लावायचे नाहीत."

त्यावर कल्पेश असा हसला की खुर्ची कुरकुरली.

"पाय लावायचे नाहीत, हे बराबर बोलले साहेब. कसा लावतील? हाताचा ब्रेक होता ना तिला! मीच तर कापून काढला, माझ्या गॅरेजमध्ये, तुमच्याच सांगण्यावरून. म्हणजे करवत माझी आणि हुकूम तुमचा. खून कुणी केला मग? ती गाडी जन्मभर मॉडिफाय होती. आमच्या लाइनीत उभी करा तिला, या."

मंगेशनं माधवरावांकडे बघितलं. हे त्याला ठाऊक नव्हतं, हे उघड होतं.

"मध्येच कुणीतरी काहीतरी ठोकून दिलं होतं," माधवराव म्हणाले. "कचरा होता. काढला."

"कुणीतरी नव्हे," अनुराधाबाई दारात आल्या होत्या. हातात चहाचा ट्रे. "माझे वडील. त्यांचा उजवा पाय चालत नव्हता. त्या रबरावर कधी पायच पडला नाही, म्हणून ते नवं आहे. त्यात जपणूक कसली?"

"अनुराधा, तो विषय वेगळा आहे. चहा ठेव."

अनुराधाबाईंनी ट्रे ठेवला, तो माधवरावांसमोर नव्हे, कल्पेशच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर. आणि त्याला विचारलं, "कापून काढला, मग टाकला कुठं?"

"टाकतो कशाला मॅडम? माझ्या गाडीत आहे. गिअरला लावलाय. मस्त दिसतो."

पुढं हात वर करून मतं घेतली. सोफ्यावरच्यांनी नियमाच्या बाजूनं हात वर केले, दाराजवळच्यांनी विरोधात, आणि सोफा मोठा होता. कंपनी कंडिशनशिवाय प्रवेश नाही. कल्पेश उठताना म्हणाला, "आम्ही गेटच्या बाहेर रोडवर उभे राहू. रोड तर सरकारचा आहे ना?" आणि चहा न घेता गेला. अनुराधाबाईंनी त्याचा कप परत किटलीत ओतला. किटलीतला चहा बाकीच्यांनी प्यायला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या सामरवरणीला गेल्या. रोजची छोटी गाडी त्या स्वतःच चालवायच्या. माधवरावांना ते चालायचं, कारण तिच्या रबराला किंमत नव्हती.

कल्पेशच्या गॅरेजमध्ये ग्राइंडर चालू होता. त्यांना बघून त्यानं तो बंद केला, पण उठला नाही.

"दांडा बघायचाय," अनुराधाबाई म्हणाल्या.

छप्पर कापलेली गाडी कोपऱ्यात होती. दारांवर केशरी जाळ रंगवलेला. आत मधोमध दांडा उभा होता, आणि क्षणभर त्यांनी तो ओळखलाच नाही. त्यावर आरशासारखं क्रोमियम चढवलं होतं. टोकाला मूठ नव्हती. मुठीच्या जागी काचेसारख्या प्लॅस्टिकची कवटी, डोळ्यांत लाल दिवे.

"बटण दाबलं की पेटतात," कल्पेश म्हणाला. "दाखवू?"

"मूठ कुठंय?"

"कुठली?"

दोन वर्षांपूर्वी घरी ऐकलेला शब्द इथं पुन्हा आला. एकानं नानांचा दांडा भोकं बुजवून पुसला होता, दुसऱ्यानं चकचकीत करून. "लाकडाची. शिसवी. एका बाजूनं जळकी."

"ती जुनाट होती. असेल पडली कुठं तरी."

"हा दांडा मला परत हवाय. गाडीत बसवून."

"असं कसं मॅडम? साहेबांनी भंगारात टाक म्हटलं. भंगार उचललं त्याचं."

"साहेबांची गाडीच नाही ती. माझ्या नावावर आहे. त्यांना सांगायचा अधिकार नव्हता, तुला घ्यायचा नव्हता."

हे मात्र कल्पेशला नवं होतं. तो उठला, हात पुसले, आणि हळूहळू त्याच्या तोंडावर एक हसू आलं. अनुराधाबाईंना ते हसू कालच्या हसण्याइतकंच आवडलं नाही.

"म्हणजे शोच्या दिवशी अध्यक्षांची गाडी या दांड्यासकट मैदानात. सगळ्यांसमोर. आणि नियम त्यांनीच केलेला!" त्यानं मांडीवर थाप मारली. "असं असेल तर देतो मॅडम. फुकट बसवतो. मी गेटवर मोबाईल घेऊन उभा राहतो फक्त."

"गाडी माझी आहे. ती कुठं उभी राहील ते मी बघेन."

त्यानं त्याचा अर्थ होकार असा घेतला. त्यांनी तो घेऊ दिला.

"बसा ना ताई, चहा घेऊन जा," मागच्या खोलीतून आवाज आला. कल्पेशची बायको गुड्डी. गॅरेजच्या मागंच त्यांचं बिऱ्हाड होतं. मधे पडदा. अनुराधाबाई नको म्हणणार होत्या, पण पडद्याआडून ठक ठक आवाज आला आणि त्यांनी पडदा बाजूला केला. गुड्डी जमिनीवर बसून ताटलीत आलं कुटत होती. हातात जाड, तेलकट झालेला शिसवी लाकडाचा तुकडा. खालच्या टोकाला अर्धचंद्रासारखा काळा डाग.

अनुराधाबाई तिथंच उकिडव्या बसल्या.

"हा कुठून आणलास?"

"भंगारातून. वजनदार आहे ना चांगला. का?"

"हा माझ्या आईच्या लाटण्याचा तुकडा आहे."

गुड्डीनं तुकडा उलटापालटा करून बघितला, मग त्यांच्याकडं बघितलं. खरं बोलते का ही बाई, की बंगल्यातल्या बायकांना उगीच काहीतरी हवं असतं, असं ते बघणं होतं.

"असेल," ती म्हणाली. "पण मी मग आलं कशानं कुटू?"

"मी तुला बत्ता आणून देते. पितळेचा. खलासकट."

"कधी?"

"उद्या."

"मग हा पण उद्याच न्या," असं म्हणून गुड्डीनं पुन्हा ठक ठक सुरू केलं.

अनुराधाबाईंना राग यायला हवा होता. पण चहा पिताना त्यांच्या लक्षात आलं की या दांड्याच्या भानगडीत आजवर सरळ बोललेलं माणूस हे एकच. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या ओट्यावरचा खलबत्ता घेऊन गेल्या. गुड्डीनं बत्ता हातात तोलला, एकदा आपटून बघितला, मग मूठ धुऊन, पदराला पुसून दिली.

त्या आठवड्यात माधवराव दोनदा म्हणाले, "चहात आलं नाही का?"

"खलबत्ता नाही."

"कुठं गेला?"

"भंगारात गेला असेल."

माधवरावांनी पेपर खाली घेतला, थोडा वेळ बघितलं, आणि पुन्हा वर केला.

*

शनिवारी माधवराव दिवसभर मैदानावर मांडवाचं बघत होते. अनुराधाबाईंनी देवघराच्या खालच्या खणातली किल्ली घेतली, पॅडलवरचं फडकं सोडलं आणि फियाट सामरवरणीला नेली. कल्पेशनं मन लावून काम केलं, शत्रूच्या घरात सुरुंग पेरावा तसं. रेक्झिन कापलं, बुजवलेली भोकं पुन्हा पाडली, दांडा पॅडलला जोडला, चार बोल्ट आवळले. कवटी काढताना तेवढा त्याचा जीव खालीवर झाला. मूठ अनुराधाबाईंनी स्वतः ठोकून बसवली. वेग घ्यायची तार काही पुन्हा जमली नाही, ती सोडून दिली. वेगाला त्यांचे पाय शाबूत होते. दांड्यावरचं क्रोमियम मात्र तसंच राहिलं. ते निघत नाही म्हणाला कल्पेश. आता तो नानांचा दांडा होता, आणि चकाकतही होता. काही इलाज नव्हता.

संध्याकाळी माधवराव आले ते काखेत पाट्या घेऊन. प्रत्येक गाडीसमोर लावायच्या पाट्या छापून आल्या होत्या. सगळ्यात वर पहिली. ती त्यांनी कौतुकानं टेबलावर उभी केली. जागा क्रमांक एक. फियाट. संपूर्ण ओरिजिनल. मालक: माधव खांबेटे.

अनुराधाबाईंनी ती वाचली. "मालक?"

"म्हणजे काय, लिहायचं असतं तसं. आता त्यात काय?"

"काही नाही."

मग ते गाडीवरून शेवटचा हात फिरवायला खाली गेले, आणि अनुराधाबाईंनी कणीक मळायला घेतली. परत वर यायला माधवरावांना जितका वेळ लागायला हवा होता त्याहून पुष्कळ जास्त लागला.

"हे कुणी केलं?"

"मी करून घेतलं."

"त्या कल्पेशकडून? तुला कळतंय का काय केलंयस? उद्या नाशिकहून माणसं येतायत, परीक्षक येतायत! रेक्झिन कापलंय! ते मी मुंबईहून..." त्यांचा आवाज पहिल्यांदाच वर गेला होता. कारखान्यातला तो खालचा आवाज त्यांना सापडेना. "दोन वर्षं, अनुराधा! दोन वर्षं मी रविवार म्हणून पाहिला नाही!"

"मी पण नाही पाहिला. तुमच्या लोकांचा चहा करत होते."

"माझं नाक कापायचं होतं एवढंच ना? सांग ना स्पष्ट."

"तुमच्या नाकाचा यात संबंध नाही. माझ्या बापाची गाडी आहे. तुम्ही गाडी जपलीत आणि बाप काढून टाकलात."

"भावना आणि गाडी यात फरक असतो."

"असतो ना. ॲशट्रे मिळाला तेव्हा पेढे कशाचे होते?"

माधवराव खिडकीतून खाली गाडीकडं बघत राहिले, आणि बघता बघता त्यांचा श्वास जागेवर आला. हिशोब जमला की यायचा तसा. "ठीक आहे," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "चार बोल्ट तर आहेत. सकाळी पाना आणतो, काढतो. रेक्झिनवर पायपुसणं टाकतो. तुझं समाधान झालं, आता माझं काम मला करू दे. आणि हा तुकडा ठेव तुझ्याजवळ, फुलदाणीत ठेव, काय करायचं ते कर."

अनुराधाबाईंनी पोळी तव्यावर टाकली. नव्या लाटण्यानं लाटलेली होती. गोल आली होती. माधवरावांनी जेवताना दोन पोळ्या जास्त घेतल्या.

*

सकाळी माधवराव आंघोळीला गेले तेव्हा पाना जिन्यातल्या फळीवर काढून ठेवलेला होता. अनुराधाबाईंनी पाना तिथंच राहू दिला आणि किल्ली घेतली.

कॉलनीच्या गेटातून फियाट बाहेर पडली ती मैदानाकडं वळली नाही. रविवार असल्यानं खानवेलच्या रस्त्याला गर्दी नव्हती. कारखान्यांच्या भिंती संपल्या, सागाची झाडं सुरू झाली, मग दुधनीकडचे चढउतार. अनुराधाबाईंचा उजवा पाय सवयीनं ब्रेककडं जायचा आणि त्या त्याला ओढून परत वेगावर आणायच्या. पहिले दोन उतार भीतीत गेले. एका वळणावर समोरून मासळीच्या टोपल्या लादलेला टेम्पो आला आणि त्यांनी मूठ दाबली, जरा जास्तच. गाडी आचका देऊन थांबली. टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, "बाई, गाडी शिकून निघत जा!"

"तू बघून चालव!" त्याही ओरडल्या. बरं वाटलं.

पुढं धरणाचं पाणी दिसायला लागतं तिथं मोठा उतार आहे. त्या उतारावर त्यांनी दांडा सावकाश खाली घेतला आणि नजर पायाशी गेली. पॅडल आपोआप खाली जात होतं. कुणाचा पाय नव्हता, काही नव्हतं, रबरावरच्या सगळ्या रेघा जागच्या जागी, आणि पॅडल हळूहळू खाली. लहानपणी परीक्षानळ्यांचं खोकं मांडीवर धरून त्या हेच बघत बसायच्या. तेव्हा त्यांना वाटायचं की नानांच्या गाडीत आणखी एक माणूस असतो, आपल्याला न दिसणारा, आणि थांबायचं काम त्याच्याकडं असतं.

पाण्याच्या कडेला गाडी उभी केली तेव्हा पर्समध्ये फोन वाजत होता. बहुधा बराच वेळ वाजत असावा.

"कुठं आहेस तू?" माधवरावांच्या मागं लाउडस्पीकरचा आवाज. "गाडी कुठंय?"

"माझ्याजवळ."

"अगं, उद्घाटन झालं! परीक्षक फिरतायत. पहिल्या जागेवर काही नाही! सगळे मलाच विचारतायत, अध्यक्षांची गाडी कुठंय म्हणून. तो कल्पेश गेटवर मोबाईल रोखून उभाय, अर्ध्या तासात तीनदा आत डोकावला. मला विचारतो, 'मॅडम आल्या नाहीत का अजून?' तुझी आणि त्याची काय..."

"त्यालाही सांगा, येणार नाहीत म्हणून."

पलीकडं लाउडस्पीकरवर कुणीतरी गाड्यांची नावं पुकारत होतं.

"अनुराधा," माधवराव म्हणाले. आता आवाज खालीही नव्हता आणि वरही नव्हता. "मी इथं काय करू? रिकाम्या जागेसमोर उभा आहे मी. काय दाखवू लोकांना?"

पाण्यावर एक होडी निघाली होती. जाळं आवरत एक बाई वल्ह्याजवळच्या माणसाला काहीतरी सुनावत होती, शब्द कळत नव्हते, पण सूर ओळखीचा होता. अनुराधाबाईंनी मुठीवरचा जळका डाग अंगठ्यानं पुसून बघितला. तो काही पुसला जाणारा नव्हता.

"पाटी आहे ना," त्या म्हणाल्या. "ती दाखवा. तिच्यावर तुमचंच नाव आहे."

त्यांनी फोन सीटवर टाकला. तो पुन्हा वाजायला लागला तेव्हा त्या खाली उतरून पाण्याकडं चालल्या होत्या, आणि दार उघडंच होतं. आत धूळ जात होती.